मायच्या हातची गोवरी

यंदाच्या आखाजीला मला न्यायला माहेरहून कोणी आलं नाही. मी म्हटलं, बरं. नाही ना आलात? मग मीच येते, आणि अशी येते की जन्मभर लक्षात ठेवाल.

अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे, मग ती विशीतली असो नाहीतर माझ्यासारखी नातवंडांची आजी. भाऊ स्वतः येतो नाहीतर मुराळी पाठवतो. माय होती तोवर मुराळी यायच्या आधी तिचा फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही. थेट सुरू.

"भिके, मुडदा बसो तुन्हा, पिशवी भरी का नही?"

भिकी म्हणजे मी, आणि 'मुडदा बसो' हा आमच्या घरचा मायेचा शब्द. माझी माय, तापीबाई, सगळ्यांना शिव्या घालायची. बैलाला, एस.टी.ला, डॉक्टरला, देवाला. नातीच्या केसाला तेल लावताना तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मयूरी, माझ्या भावाची पोरगी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून हसत पडलेली असायची. शाळेतून पोर दारात आलं की पहिला शब्द, "मुडदा बसो तुन्हा, जेवना का?" नाही म्हटलं की पाठीत धपाटा आणि पुढ्यात ताट.

आणि ज्याच्यावर तिचं मन उडालं त्याच्याशी ती गोड बोलायची. या हो, बसा हो, चहा घ्या हो. मयूरीला बघायला एक पार्टी आली होती. मुलाचा बाप पोरीकडे असा बघत होता जसं बाजारात म्हशीकडे बघतात. माय पदर सावरून म्हणाली, "घ्या ना भाऊ, अजून एक पेढा घ्या." मयूरी आत येऊन मला म्हणाली, "फुई, हे लग्न मोडलं." मोडलंच. मायने कोणाला अहो-जाहो केलं की त्याने चप्पल शोधायला लागावं.

आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेडा आणि प्रकाशा या दोन गावांच्या मध्ये. आता तिथे बॅरेजचं पाणी बारा महिने तुंबलेलं असतं, पण मी पोर होते तेव्हा हिवाळ्यात नदी आटायची आणि पात्रातली वाळू उघडी पडायची. त्या वाळूत माय खड्डे करून खत भरायची आणि डांगराचं बी टाकायची. डांगर म्हणजे खरबूज. पण तुमच्या त्या जाळीदार सालीच्या दुकानी खरबुजाशी त्याची सोयरीक लावू नका. मायचं डांगर पिवळं, लांबट, पिकलं की आपोआप तडकायचं आणि घरात ठेवलं तर वास गल्लीच्या टोकाला जायचा. बॅरेज झालं, वाळू पाण्याखाली गेली. मायने बॅरेजला शिव्या घातल्या आणि तेच बी केळीच्या शेताच्या बांधावर लावलं. बाकी बायकांनी सोडून दिलं. मायने नाही सोडलं.

बी ठेवायची तिची एकच पद्धत. सगळ्यात गोड डांगराचं बी राखेत घोळायचं, शेणात कालवायचं, भाकरीएवढी चपटी चकती थापायची आणि चुलीमागच्या भिंतीला चिकटवायची. धूर लागून लागून ती काळी पडते, मग कीड येत नाही, उंदीर तोंड लावत नाही. पेरायच्या वेळी फोडायची. ज्याला माहीत नाही त्याला ती गोवरीच वाटणार.

मागच्या श्रावणात माय गेली. दवाखान्यात खाटेवर बसून मला म्हणाली होती, "बी भिंतवर शे. आते काढू नको, पावसाळानी ओल लागी जाई. मन्ही घागर भरी की मंग ली जाय. तूच ली जाय, समजनं का, गधडे?" तिचं म्हणणं बरोबर होतं. माणूस गेलं की पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची पाण्याची घागर भरतात, आणि ती भरेपर्यंत त्याची वस्तू घराबाहेर काढायची नाही, ही आमच्या घरची रीत. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिचे वेल आलेच नव्हते. का, ते तिने सांगितलं नाही. म्हणजे मायच्या डांगराचं जेवढं बी या जगात उरलं होतं तेवढं त्या एका चकतीत होतं, आणि ती चकती माझी होती.

तर अशी मी तळोद्याहून बस धरून, शहाद्याला रिक्षा करून, घामाने निथळत माहेरच्या दारात उभी राहिले. दारात भलामोठा बॅनर. त्यावर एक गोरीपान बाई. गुलाबी पातळ, मागे कमळ, ओठांवर हसू. कपाळावर गोंदण नाही. हनुवटीवरचे तीन ठिपके नाहीत. गालावर एक सुरकुती नाही. खाली लिहिलेलं, 'शांत, सोशिक, मितभाषी'.

"ही कोन शे?" मी मोठ्याने विचारलं.

माझी भावजय जशोदा पदराला हात पुसत आली. "बाई, उन्यात का? या ना. काय म्हनतंस?"

"ही बाई कोन शे? मन्ही माय कोठे शे?"

"स्टुडिओवाल्यानं जरा चांगला करा फोटो," ती म्हणाली.

चांगला केला! ज्या गोंदणासाठी लहान वयात सुया सोसल्या, ते मेल्याने माऊसने पुसून टाकलं आणि म्हणे चांगला केला. मी जशोदाला बाजूला सारून सरळ मागच्या अंगाला गेले. घर आता स्लॅबचं आहे, फरशी, बेसिन, सगळं. फक्त मागे मातीची एक भिंत आणि चूल उरली आहे, कारण मायने सांगितलं होतं, भिंत पाडाल तर आधी मला गाडा.

भिंत होती. चकती नव्हती. तिथे फक्त एक गोल डाग होता, आजूबाजूच्या काळ्या मातीत जरा फिकट.

माझं सगळं बळ तोंडात आलं.

"जशोदे! भिंतवरनं कोठे शे?"

"भिंतवर काय व्हतं?"

"काय व्हतं? मन्हं बी व्हतं! मायनं डांगरनं बी! कोनी काढं?"

"मले काय माहीत बाई. आखाजीनी साफसफाई व्हयनी, मजूरनी व्हत्यात. जळमटं काढ्यात, कचरा काढा..."

"कचरा?" मी म्हटलं. "मायला कचऱ्यात टाकलंस?"

मग मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. तिच्या माहेरापर्यंत पोचले एवढं पुरे. ती रडायला लागली. मला तिची अजिबात दया आली नाही. एवढ्यात माझा धाकटा भाऊ रतिलाल आला. केस पांढरे, शर्ट पांढरा, चेहरा नेहमीसारखा बंद.

"बाई, उनी तशी लगेच भांडन? आज मायनी घागर शे. लोक बठेल शेत."

"लोकांसाठी बसायला खुर्च्या आहेत, मला आणायला एक माणूस नव्हता तुझ्याकडे?" संताप आला की माझी बोली सुटते आणि मी शाळेतल्यासारखी शुद्ध बोलायला लागते. घरच्यांना ते माहीत आहे, तेव्हा घाबरतात.

"फोन करा व्हता तुले."

"फोनवर बसून येतात का माहेरी? मुराळी का नाही पाठवलास?"

त्याने शर्टाची बाही दुमडायला घेतली. रतिलालची ही जुनी खोड. मी ओरडते, तो भिंत होतो. "बी कुठंय?" मी विचारलं. "नही माहीत," तो म्हणाला आणि पुढच्या अंगणात निघून गेला.

मीही गेले. मंडपात बसले नाही, ओट्याच्या कडेला भिंतीला टेकून बसले. बॅग मांडीवर. विधी संपला की पुढच्या रिक्षाने परत जायचं आणि या घराचं पाणीही परत प्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

अंगणात पाट, पाटावर गहू, गव्हावर मायच्या नावाची मातीची घागर पाण्याने काठोकाठ भरलेली. घागरीच्या तोंडावर आंबे, सांजोऱ्या आणि वर डांगर. आता घागरीवर डांगर ठेवायचं ते रतिलालने बाजारातून आणलेलं. गोल, जाळीदार, आणि त्यावर कंपनीचं निळं स्टिकर तसंच. जिने जन्मभर सगळ्या गावाच्या घागरींना डांगरं पुरवली, तिच्या घागरीवर स्टिकर!

मग चुनीलाल गुरुजी उभे राहिले. आमच्या नात्यातले. गावात कोणी गेलं की भाषण त्यांचंच, आणि भाषणही एकच, फक्त नाव बदलतात.

"तापीबाई म्हणजे शांतीचा सागर," गुरुजी म्हणाले. "कधी कोणाला उणा शब्द नाही. आवाज कधी चढला नाही."

"गुरुजी!" मी बसल्या जागेवरून ओरडले. "तुमच्या मागे तर माय विळा घेऊन धावली होती! आमच्या बांधावरची बोरं तोडत होतात म्हणून. नदीपर्यंत पळालात, धोतर बाभळीला राहिलं!"

मंडपात मागे कोणीतरी फसकन हसलं. गुरुजी खोकले. रतिलालने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता तरी तडकेल, पण नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, चालू द्या. माय शांतच व्हती."

मला तर वाटलं तिथेच त्याच्या तोंडात स्टिकरसकट ते खरबूज कोंबावं. साठी जवळ आली याची, जन्मभर मायच्या घरात राहिला, आणि म्हणे शांत होती. लोकांपुढे घराणं खानदानी दिसावं म्हणून आईचं तोंड शिवून टाकलं, असंच मी समजले.

भाषण झालं. मग आगारी. गोवऱ्यांचे निखारे करायचे, त्यावर तूप सोडायचं आणि पुरणपोळी, आमरसाचा घास टाकायचा. तो घास गेलेल्या माणसाला पोचतो. जशोदाने अंगणात निखारे आणून ठेवले. तेवढ्यात मयूरी घरातून आली. शहाद्याला कॉलेजात शिकते, मायची लाडकी, नऊवारी नेसलेली, डोळे सुजलेले. हातात मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"पप्पा, हे पण टाकू?" ती म्हणाली. "मोठ्या मायच्या हातची शेवटची गोवरी आहे. साफसफाईत मजूरनी फेकून देत होत्या, मी आजच्यासाठी जपून ठेवली."

"टाक बेटा," रतिलाल म्हणाला.

मला लुगडं दिसलं, आत काय आहे ते दिसलं नाही. सगळे आडवे उभे होते. मी बॅगेची चेन लावत होते. निखाऱ्यावर तूप पडलं, जाळ झाला, रतिलालने घास टाकला.

आणि तडतड सुरू झाली.

एक तडका, मग दोन, मग सारखी तडतड, फुटाणे फुटावेत तशी. ठिणग्या उडाल्या. जशोदाने हात जोडले. "माय बोलनी! माय बोलनी!" सगळ्या बायकांनी हात जोडले. गुरुजींनी डोळे मिटले. "तृप्त झाली," म्हणाले, "आत्मा तृप्त झाला."

गोवरी तडतडत नसते. गोवरी धुमसते. तडतडतं ते बी.

मी बॅग टाकली ती कोणाच्या पायावर पडली मला माहीत नाही. माणसं ढकलत पुढे गेले. जाळात ती काळी चकती, कडेने पेटलेली. मी हात घातला, चटका बसला, चकती सुटली. पाणी पाहिजे होतं. समोर पाणी एकच होतं. मी घागर उचलली, आंबे गडगडले, स्टिकरवालं खरबूज मंडपात पळत गेलं, आणि मी मायच्या नावाचं सगळं पाणी आगारीवर ओतून टाकलं.

फस्स करून वाफ उठली.

आणि मग सगळे एकदम. "बाईनं डोकं फिरनं!" "मायना घास इझाडा!" "मायनी घागर उपडी करी!" जशोदा कपाळ बडवायला लागली. रतिलाल धावत आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्यावर हात उगारलेला मी बघितला.

"मायना तोंडना घास हिसकास?" तो ओरडला. "तिले पानी बी मिळू देवाव नही का?"

"हात खाली कर, भाड्या!" मी ओरडले. "मुडदा बसो तुन्हा! मायनं बी जाळी टाकं तुम्ही, बी! दखाय नही का आंधळासले?"

त्याचा हात तसाच वर राहिला. जशोदाचं रडणं थांबलं. मला आधी कळेना काय झालं. मग मलाच ऐकू आलं. तो माझा आवाज नव्हता. म्हणजे माझाच होता, पण घशातून जो निघाला तो तापीबाईचा होता, तसाच खरखरीत, तसाच शेवटी वर जाणारा. गर्दीतली एक म्हातारी पटकन डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "उनी माय तापी."

मी खाली बसले आणि चिखलातून चकती काढली. हात भाजलेला होता. फोडली. कडेचं बी सगळं कोळसा. मधलं तपकिरी, तडकलेलं, गेलेलं. एकेक ढेकूळ फोडत गेले. मयूरी माझ्या शेजारी बसली. तिला काय झालं ते समजलं होतं. ती आवाज न करता रडत होती आणि नखाने शेण उकरत होती.

"फुई, मला नव्हतं माहीत. शपथ. मला वाटलं शेवटची गोवरी आहे, तिलाच देऊ."

पोरीवर रागवावं असं मनात फार होतं. पण तिने ती चकती मायच्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती, तिला काय बोलणार? मी म्हटलं, "गधडे, रडू नको, शोध."

भिंतीला चिकटलेली बाजू जाड होती. तिथे आतल्या थरात, राखेत लपलेलं, थोडं बी निघालं. पांढरं, अख्खं. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढंच. मी ते पदराच्या टोकात घेतलं आणि गाठ मारली.

"झालं," मी उठत म्हटलं. "घेतलं मी माझं. आता घाला तुम्ही तुमच्या शांत बाईला हार. मी चालले."

"ली जाय," रतिलाल म्हणाला. तो ओट्याच्या पायरीवर बसला होता. "आठे नको ठेवू. तुन्हाकडेच लाव. मन्हाकडे जगाव नही ते."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून मी थांबले.

"मागला उन्हाळाले वेल उनात नही, कारन माहीत शे तुले?" तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "आलथात वेल. चांगला आलथात. मी बांधवर तणनाशकना फवारा मारा. याद नही ऱ्हायनं मले. दुसरा दिन सगळा वेल पिवळा. मी मायना पाय धरात. म्हनं, माय, मार मले, शिव्या दे."

"मग?"

"तिनी नही दिधी."

रतिलालने तळहाताने तोंड पुसलं.

"त्या दिनपासून मरेपर्यंत मले एक शिवी दिधी नही तिनी. 'रतिलालभाऊ' म्हने मले. 'या भाऊ, बसा, जेवी ल्या.' रोज, बाई. तुन्हासंगे फोनवर वरडे, मयूरीवर वरडे, मी घरमा पाय ठेवा की गुपचूप." त्याने बॅनरकडे बोट केलं. "तू म्हनस ती कोन शे. मन्ही माय तीच व्हती. शांत. तुले दुसरी मिळनी, मले ही मिळनी."

या अहो-जाहोचा अर्थ या घरात कोणाला माहीत नव्हता?

"आन् तुले लेवाले उनू नही," तो म्हणाला, "कारन तू बोलस ते तिन्हाच आवाजमा. मन्हाकडथीन ऐकावात नही."

मायचा मला राग आला. खोटं कशाला बोलू, मेलेल्या मायचा राग आला, भर आखाजीला. माफी मागितलेल्या पोराला असं करतात का? बारक्या वेलांसाठी? पण ती तशीच होती. तेही बॅनरवर लिहायला हवं होतं.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. पदराची गाठ मुठीत धरलेली. भाजलेला हात जळत होता. रतिलालने वर बघितलं, आणि मला दिसलं की हा सकाळपासून उपाशी आहे. आखाजीला घास दिल्याशिवाय मुलगा जेवत नाही, आणि घास तर मी विझवला होता.

मी घसा साफ केला. मग मायसारखा आवाज वर नेला, गल्लीच्या टोकाला जाईल असा.

"रत्या! मुडदा बसो तुन्हा, जेवना का?"

त्याचे ओठ हलले. पांढऱ्या केसांचा तो माणूस शाळेतून आलेल्या पोरासारखा माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला असं रडू फुटलं की जशोदा घाबरून धावली.

"नही जेवना," तो म्हणाला. "नही जेवना, माय."

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि ताट वाढायला आत गेले.